यादीत नसलेले गुरुजी

आधी पोराचा डावा हात आपल्या गुडघ्यावर आडवा घ्यायचा. कोपर जरासं वाकलेलं. डोळे मिटले तरी चालतात, खरं तर मिटलेलेच बरे, कारण उघड्या डोळ्यांना लाली दिसते आणि लालीशी आपलं काही काम नसतं. तर्जनीनं हळूहळू चाचपत जायचं. मऊ कातडी कुठं संपते आणि कडक भाग कुठं सुरू होतो ती कड सापडली की पेनानं ठिपका द्यायचा. मग पलीकडच्या बाजूनं तसंच. दोन ठिपक्यांवर पारदर्शक पट्टी धरायची आणि आकडा मोठ्यानं सांगायचा. लिहिणारा दुसरा असतो, म्हणजे वाचणाऱ्याला कागद दिसत नाही आणि मागचा आकडा पाहून मोह होत नाही.

उणीपुरी तीस वर्षं मी हे काम केलं. आमच्या नात्यातली माणसं अजून सांगतात, "रझिया दवाखान्यात होती." दवाखान्यात मी नव्हते. क्षयरोगाची पाहणी करणाऱ्या एका संस्थेत मी 'रीडर' होते. रीडर म्हणजे हात वाचणारी. भविष्य सांगणारी नव्हे, हे गावोगाव समजावून सांगावं लागे.

कशासाठी हा उद्योग, तेही सांगते. ट्युबरक्युलिन नावाचं औषध हाताच्या कातडीत अगदी थेंबभर टोचायचं. क्षयाचा जंतू अंगात कधी शिरलेला असला तर तीन दिवसांत तिथं कडक गाठ येते. शिरलेला नसला तर हात सपाट. गाठ आली म्हणजे रोग झाला असं मुळीच नाही. बहुतेकांच्या अंगात तो जंतू जन्मभर पडून राहतो आणि माणूस दुसऱ्याच कशानं तरी जातो. पण सहा वर्षांच्या पोराच्या हाताला गाठ आली, तर एवढं नक्की की गेल्या सहा वर्षांत कुणीतरी त्याच्या जवळ बसून खोकलं आहे. म्हाताऱ्याच्या गाठीवरून असं काही कळत नाही. म्हणून आम्ही पोरांच्या मागे. ठरलेल्या गावांत एकदा जायचं, दीडेक वर्षानं पुन्हा त्याच पोरांचे हात वाचायचे. मधल्या काळात सपाट हात फुगला, तर लागण ताजी. मोठ्या माणसांचा बेडका तपासायचा आणि छातीचा फोटो काढायचा.

नवख्या रीडरचे आकडे दहा, पंधरा, वीस असे येतात. माणसाच्या मनाला असे आकडे आवडतात. माझे अकरा, चौदा, सतरा असे यायचे. आमचे मोठे डॉक्टर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "मणेरबाईंचं बोट खोटं बोलत नाही." ते मी घरी येऊन अब्बांना सांगितलं. पौडच्या बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं. मनगट नुसतं हातात धरून ते बांगडीचं माप सांगायचे. ते म्हणाले, "मग? पोरगी कुनाची हाय!"

आम्ही मुळशीत काम सुरू केलं तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. जीप दिसली आणि जीपमध्ये सुई आहे असं कळलं की गडीमाणसं खाचरं तुडवत डोंगराकडे पळायची. "नसबंदीवालं आलं!" मग जीप लांब ठेवून मी एकटीच पुढं चालत जायची. बाईमाणूस पाहून बायका थांबायच्या, त्या थांबल्या की पोरं थांबायची, आणि संध्याकाळपर्यंत पुरुष खाली उतरायचे.

कासारसाईकडच्या एका पैलवानाची गंमत सांगते. त्याचा बेडका क्षयाचा निघाला आणि छातीचा फोटो मात्र आरशासारखा स्वच्छ. डॉक्टर चक्रावले. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तर गडी मान खाली घालून म्हणाला, "तुमच्याम्होरं खोकायची लाज वाटली बाई. घरात जाऊन कारभारनीला म्हनलं, तूच थुक." बायकोला खोकला होता, पण चार कामं करणारी बाई, तिला कोण आजारी म्हणणार? ती आमच्या तपासणीला आलीच नव्हती. नवऱ्याच्या त्या लबाडीनं ती वाचली. पुढं मला ती बाजारात भेटली की हसायची.

अशा गोष्टी मी पुष्कळ सांगू शकते आणि लोकांना त्या आवडतात. पण लिहायला बसले तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच वाडी आहे. आजवर ती गोष्ट मी पूर्ण कुणालाच सांगितलेली नाही.

वाडी रिहे खोऱ्यातली. तिचं नाव लिहीत नाही. तीसेक घरं, सगळी भातशेती करणारी. पावसाळ्यात तिथं ओढा उतरेपर्यंत पलीकडचं माणूस पलीकडेच राही. शाळा एका खोलीची, पहिली ते चौथी, आणि सगळ्यांना मिळून एकच गुरुजी. ते मूळचे मुठा खोऱ्यातले. बायकोमुलं तिकडे. आठवडाभर ते शाळेतच राहायचे, कोपऱ्यात स्टोव्ह आणि वळकटी. शनिवारी शाळा सुटली की घरची वाट धरायची आणि सोमवारी सकाळी पोरांच्या आधी हजर. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे आणि उंबऱ्याबाहेर आले की मावळी. वाडीत लग्न ठरवायचं असो की तलाठ्याला अर्ज लिहायचा असो, गुरुजींशिवाय पान हलत नसे. पावसाळ्यात झड आत येऊ नये म्हणून ते खिडक्यांना पोती बांधत आणि दार लोटून घेत. आत चाळीसभर पोरं दाटीवाटीनं बसून पाढे म्हणत. ओलं, अंधारं, पण उबदार.

पहिल्या फेरीला घरोघर फिरून माणसांची यादी मीच केली होती. नियम असा, की ज्याचं घर जिथं त्याचं नाव तिथं. गुरुजींचं घर मुठ्याकडे, आणि ते गाव आमच्या पाहणीत नव्हतं. त्यामुळे त्यांचं नाव कुठंच आलं नाही.

पण त्या आठवड्यात सगळ्यात जास्त राबले तेच. पोरांना ओळीत उभं केलं, सुईला भिणाऱ्यांचे हात स्वतः धरले. शाळेच्या पडवीत मी मोठ्यांना बेडक्यासाठी डब्या वाटत होते, तेव्हा ते खांबाला टेकून खोकत होते. खोकून झाल्यावर जवळ आले.

"बाई, मलापण द्या की एक डबी. दमा हाय माझा, पन बघू तरी काय निघतंय."

मी हसले. "गुरुजी, तुमचं नाव आमच्या यादीत नाही. यादीबाहेर डबी दिली तर माझे नंबर चुकतील."

"बरं बरं. नियम म्हंजी नियम," ते म्हणाले आणि पोरांकडे वळले.

पौडच्या सरकारी दवाखान्यात जाऊन दाखवा, एवढं तरी मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. डब्या संपत आल्या होत्या, जीप निघायची होती. असं काहीतरी असेल. आता आठवत नाही.

दुसऱ्या फेरीला गेलो ते दीड वर्षानं, भाताची झोडणी चालू असताना. गुरुजी वाळले होते. पुन्हा त्यांनीच पोरं गोळा केली. मी जुनी यादी घेऊन नावं पुकारू लागले. एका नावाला कुणी ओ दिली नाही. मी पुन्हा पुकारलं, "शकुंतला."

पोरं खाली बघायला लागली.

"शकू गेली, बाई," गुरुजी म्हणाले. "श्रावणात."

सात वर्षांची पोर. दुसरीत होती. आधी बरेच दिवस अंगात कणकण, मग डोकं दुखतं म्हणायची, उलट्या. मान आखडली आणि माणूस ओळखेना. ओढ्याला पाणी होतं, तरी चौघांनी झोळीतून पलीकडं नेलं आणि पुण्याच्या दवाखान्यात पोचवलं. चौथ्या दिवशी संपली. दवाखान्यात मेंदूज्वर सांगितला.

लहान पोराला असा रेंगाळत आलेला मेंदूज्वर बहुतेकदा कशाचा असतो ते मला माहीत होतं. मी शकूच्या नावापुढं 'मयत' लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

तीन दिवसांनी वाचायला बसले. पहिलाच हात फुगलेला. दुसराही. ज्या पोरांचे हात दीड वर्षापूर्वी मी स्वतः सपाट वाचले होते, त्यांच्या हातांवर बोट ठेवलं की कड लागत होती, सुपारीसारखी टणक. आकडा सांगताना माझा आवाज बदलत होता. लिहिणारा दोनदा मान वर करून माझ्याकडे बघून गेला. मग अजून शाळेत न जाणारी धाकटी पोरं आली, आयांच्या कडेवरची. ती जवळजवळ सगळी सपाट.

एस.टी.तून पौडला येताना मी खिडकीबाहेर बघत होते आणि मनात घरं मांडत होते. लागण एरवी घरात असते. एक आजी खोकते आणि तिच्या घरातल्या सगळ्या नातवंडांचे हात फुगतात, शेजारचं घर कोरडं राहतं. इथं प्रत्येक घरातलं शाळेत जाणारं पोर फुगलेलं आणि पाळण्यातलं कोरडं होतं.

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन मी डॉक्टरांपुढं उभी राहिले. "डॉक्टर, ही लागण घरातली नाही. शाळेतली आहे."

त्यांनी कागद पाहिले. "शाळेत मोठं माणूस कोण?"

"एकच. गुरुजी."

"त्यांचा बेडका काय म्हणतो?"

"घेतलेला नाही. ते यादीत नव्हते."

डॉक्टरांनी कागद पुन्हा पहिल्यापासून चाळले. गुरुजींनी स्वतः डबी मागितली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुपारीच डबी घेऊन वाडीत गेले. गुरुजींनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि हसून म्हणाले, "आता आलो का यादीत?" सूक्ष्मदर्शकाखाली काच मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. निळ्या रंगावर क्षयाच्या जंतूंच्या लाल काड्या, जिकडं सरकवावं तिकडं. मोजायची गरज नव्हती.

डॉक्टर स्वतः सांगायला आले. शाळा सुटल्यावर आम्ही तिघं वर्गात बसलो. गुरुजींनी सगळं शांतपणे ऐकलं, रोज सुई घ्यावी लागेल, मग वर्ष-दीड वर्ष गोळ्या, बरे व्हाल. शेवटी त्यांनी विचारलं, "पोरांच्या हाताला जे आलं, ते माझ्याकडनं?"

"असं एकेकाचं ठामपणे सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले.

गुरुजी माझ्याकडे वळले. "बाई, तुमी सांगा. तुमी वाचलंय. किती?"

मी आकडा सांगितला. तो इथं लिहीत नाही.

"त्यात शकू धरली का?"

"नाही. तिचा हात या वेळी वाचलाच नाही."

"मग धरा," ते म्हणाले.

शाळा काही दिवस बंद राहिली. सगळ्या पोरांना तपासलं. दोघांच्या मानेला गाठी निघाल्या. त्यांना लगेच औषध सुरू केलं आणि ती दोघंही पुढं धडधाकट झाली. गुरुजी रजा टाकून घरी जायला निघाले. निघण्याआधी त्यांनी मला गाठलं. "हौसाला सांगून जायाचं हाय. तुमी संगट चला. ती काय इचारंल, ते मला नीट सांगता येनार न्हाई."

हौसाबाई म्हणजे शकूची आई. खळ्यात भात झोडत होती. आम्हाला पाहून हातातली पेंढी खाली ठेवली आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. गुरुजी चार हातांवर, तोंडाला उपरणं लावून उभे राहिले.

"हौसा, मला क्षय निघालाय. जुना हाय. शकूला जे झालं ते माझ्याकडनं गेलं."

तिला आधी कळलंच नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी होय म्हणून मान हलवली. ती खळ्याच्या कडेला बसली.

"कशापायी सांगितलंसा, गुरुजी?" ती म्हणाली. "देवानं नेली म्हून मी गप हुते. त्याला शिव्या दिल्या, दोन म्हैनं दिवा लावला न्हाई, मग लावाया लागले. आता मी कुनावर रागावू? तुमच्यावर? शकूला तिचं नाव लिव्हाया तुमी शिकिवलं."

गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसत नव्हते.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. दीड वर्षापूर्वी हे डबी मागत होते आणि मी दिली नाही, एवढं एकच वाक्य. ते माझ्या ओठांवर आलं. गुरुजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना आठवत होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. पण ते बोलले नाहीत, आणि मीही नाही. हौसाबाई उठून पुन्हा झोडायला लागली. आम्ही निघालो.

गुरुजी बरे झाले. काही महिन्यांत बेडका स्वच्छ निघाला, पुढं अंगही भरलं. वाडीतल्या काही घरांनी त्यांना परत बोलावलं, काहींनी नको म्हटलं. पण त्यांनी स्वतःच नकार दिला आणि पौडच्या कचेरीत टेबलाचं काम मागून घेतलं. मला म्हणाले, "पोरं समोर आली की माझा हात आपोआप तोंडावर जातोय. असा मास्तर काय कामाचा?"

नियमातही बदल झाला. पुढच्या गावांत घर कुठंही असो, जो माणूस रोज पोरांमध्ये बसतो त्याचं नाव आधी लिहायचं, असं आम्ही ठरवलं. ती ओळ मीच डॉक्टरांना सुचवली आणि त्यांनी ती सूचनापत्रात घातली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. पाहणीचा अहवाल निघाला त्यात त्या वाडीची एक ओळ आहे. शकू त्या ओळीत नाही, कारण न वाचलेला हात मोजता येत नाही. ते बरोबरच आहे, काम तसंच करावं लागतं. पण ती ओळ मी पुन्हा कधी वाचली नाही.

पाच-सहा वर्षं गेली असतील. गुरुजी कचेरीतून सुटले की कधी कधी अब्बांच्या दुकानाच्या फळीवर टेकायचे. एका संध्याकाळी दुकानात आम्ही दोघंच होतो आणि मी एकदाचं बोलून टाकलं. "गुरुजी, पहिल्या फेरीला तुम्ही डबी मागितली होती. मी दिली नाही."

"ठाऊक हाय की," ते म्हणाले. मग फळीवरचा बांगड्यांचा चुरा बोटानं एका जागी करत बसले. "बाई, त्या दिवशी तुमी न्हाई म्हनला, तवा मला सुटल्यावानी झालं. दमा न्हवं हे माझ्या मनात आलं हुतं. क्षय निघाला तर नोकरी जाईल, पोरांची तोंडं दिसायची न्हाईत, असं भ्या वाटायचं. पुन्हा एकदा मागितली असती तर तुमी दिली असती. मी मागितलीच न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "आपन दोघं मिळून गप बसलो."

त्या रात्री मला वाटलं होतं तसं हलकं वाटलं नाही. पुढच्या रविवारी मी कुणाला न सांगता रिहे खोऱ्याची एस.टी. धरली. हातात कागद नाही, पट्टी नाही. त्या वाडीत मी अशी पहिल्यांदाच चालले होते.

हौसाबाई घरीच होती. केस पांढरे झाले होते. चुलीवर भात रटरटत होता आणि आंबेमोहराचा वास ओसरीपर्यंत येत होता. मी उंबऱ्याशी बसले आणि सगळं सांगितलं. डबी, यादी, नियम, माझं हसणं. खळ्यात गप्प राहिले तेही. ती चुलीतलं लाकूड मागं ओढत ऐकत राहिली. माझं संपल्यावर तिनं हात पदराला पुसले.

"गुरुजी आलं, सांगून गेलं," ती म्हणाली. "तुमीबी आलासा, सांगून चाललासा. तुमी समदी माझ्याकडं येऊन मोकळी होतायसा. मी कुनाकडं जाऊ?"

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. परतीच्या एस.टी.ची वेळ झाली होती. मी उठले नाही. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की या घरातल्या शकूचा मी फक्त हात पाहिला आहे. तिचा चेहरासुद्धा मला नीट आठवत नव्हता.

"हौसाबाई," मी म्हटलं, "शकू कशी होती, मला सांगा."

तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. मला वाटलं, आता ही मला जा म्हणेल. पण तिनं चुलीवरचं भांडं उतरवलं, झाकण काढलं आणि वाफ जाईपर्यंत त्यात बघत राहिली.

"दम नसायचा तिला," ती म्हणाली. "भात उतरिवला की लगीच कडंचा खरवडून खायाची. तोंड पोळायचं, मग हितं उंबऱ्यात बसून जीब भाईर काढून वारं घेयाची. आन् पुन्हा यायाची."